मधाच्या रंगाचे बुश

आई होती तोवर आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. अण्णा आणि मी, दोघंही तिच्यामार्फतच एकमेकांशी बोलायचो. मी समोर भाकरी खात बसलेली असताना अण्णा आईला म्हणायचे, "पोरीला विचार, कालेजला सुट्टी कधी हाय." मीही आईलाच सांगायची, "अण्णांना सांग, परवापासून." आई चुलीपुढून मान न वळवता "ऐकलं न्हवं?" म्हणायची आणि भाकरी उलटायची. यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्याच घरांत असं चालतं अशी माझी समजूत होती. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईला कावीळ झाली, ती उलटली आणि महिन्याभरात आई गेली. तेराव्यानंतर आत्या-मावश्या आपापल्या गावी निघून गेल्या आणि लोणी काळभोरच्या त्या दोन खोल्यांमध्ये एकमेकांशी बोलायची सवयच नसलेली दोन माणसं उरली.

अण्णांचा स्वतःचा ट्रक होता, सहा चाकांचा, निळ्या तोंडाचा. सोलापूरकडून ज्वारी-तुरीची पोती पुण्याच्या मार्केट यार्डात आणायची आणि इकडून जो मिळेल तो माल तिकडे न्यायचा. किन्नर, म्हणजे गाडीवर हाताखाली असतो तो पोऱ्या, त्यांनी कधी ठेवला नाही. लोक म्हणायचे, पगार वाचवतात. माझ्या मते, किन्नर ठेवला असता तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. तीन दिवसांनी एकदा ते घरी यायचे. हमरस्त्यावरून ट्रक आमच्या बोळात वळला की आधी खडखडाट ऐकू यायचा, मग ब्रेकची हवा सुटल्याचा फुसकारा, मग दार आपटल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. अण्णा हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे. सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळून उंबऱ्याच्या आत ठेवलेली असायची. "आणलंय" असंसुद्धा ते म्हणायचे नाहीत. मी कुकर लावायची, आमटी फोडणीला टाकायची, आणि आम्ही दोघं कडक भाकरी आमटीत चुरून खायचो. कडक भाकरी मोडताना होणारा आवाज त्या घरात किती मोठा वाटायचा, हे मला अजून आठवतं. मला त्या वेळी फार एकटं वाटायचं. मैत्रिणींना सांगायची सोय नव्हती, कारण वडील जिवंत, धडधाकट, दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत, मग तुला दुःख कसलं, असंच त्या म्हणाल्या असत्या.

डिप्लोमा झाल्यावर मला हडपसरला एका लहानशा कारखान्यात नोकरी लागली. तिथं पॉलियुरेथेनचे भाग ओतायचे. आम्ही सगळे त्याला पीयू म्हणायचो. छापखान्यांचे रोलर, ट्रॉलीची चाकं, यंत्रांखाली बसवायचे गट्टू. दोन रसायनं तापवून एकत्र करायची, साच्यात ओतायची आणि भट्टीत ठेवायची. रंग मिसळला नाही तर माल मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा व्हायचा. गुणानं रबराचा भाऊ, पण टिकायला कितीतरी चिवट. तेलानं फुगत नाही, उन्हानं तडकत नाही. मला त्या मालाचं वेड लागलं होतं. कारखान्याच्या साहेबांनी एकदा ओळखही करून दिली, "या आमच्या मंदाबाई. यांना पीयूचे दागिने करून दिले तर लग्नाला तयार होतील." पुण्याचा माणूस, कौतुकसुद्धा चिमटा काढल्याशिवाय करायचा नाही.

त्याच सुमारास अण्णांच्या ट्रकचे बुश गेले. ज्यांचा ट्रकशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रकचं ओझं लोखंडी पाट्यांवर असतं आणि पाट्याच्या दोन्ही टोकांना लोखंड गोल वळवलेलं असतं. त्या वळीत रबराची जाड नळी बसवतात, तिला बुश म्हणतात. लोखंडाला लोखंड घासू नये आणि रस्त्याचा दणका मधल्या मध्ये जिरावा, एवढंच तिचं काम. हे रबर झिजलं की गाडी खडखडते, सरळ रस्त्यावर भरकटते, ब्रेक दाबला की एका अंगाला ओढते. अण्णा हे कुणाला सांगणार? मलाच ते एके दिवशी त्यांच्या तळहातांवरून कळलं. स्टिअरिंग सारखं आवळून धरल्यानं दोन्ही हातांना घट्टे पडले होते. मी जेवताना विचारलं, "गाडी ओढते का?" अण्णांनी घास थांबवला. आई गेल्यापासून मी त्यांना गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "ओढती. डावीकडं." आणि थोड्या वेळानं आपण होऊन म्हणाले, "बुश गेल्यात."

त्या दोन वाक्यांनी मला जो आनंद झाला तो काय सांगू. मी साहेबांच्या मागे लागून परवानगी काढली आणि ट्रकसाठी पीयूचे बुश स्वतः ओतायचं ठरवलं. मुनीरचाचांच्या गॅरेजमध्ये जाऊन जुना बुश काढून घेतला. मुनीरचाचा मूळचे पुणे कॅम्पातले, तीन पिढ्या मोटारींच्या कामातल्या. आमच्या हमरस्त्याला त्यांनी पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं आणि अण्णा त्यांच्याखेरीज कुणाला ट्रकला हात लावू द्यायचे नाहीत. मी वळीची आणि बुशातून आरपार जाणाऱ्या पिनेची मापं घेत होते आणि चाचा चहा पीत बघत होते. "इंजिनियरबाई," ते म्हणाले, "आमच्यासाठी काही काम ठेवणार आहात, का मी दुकानाला कुलूप लावू?" साहेबांनी मला बजावलं होतं की कडकपणा रबरापेक्षा थोडासाच जास्त ठेव, ऐंशीच्या आसपास. आमच्याकडे घड्याळासारखं एक यंत्र असायचं, त्याची सुई मालात टोचली की कडकपणाचा आकडा कळायचा. मी पंचाण्णवचा माल ओतला. छापखान्याच्या रोलरसाठी आम्ही जो वापरायचो तोच. माझा हिशेब सरळ होता. जितका कडक तितका टिकाऊ, आणि अण्णांच्या ट्रकचे बुश पुन्हा कधी बदलायची वेळच येऊ नये. पाट्यावर ट्रकचं किती ओझं येतं ते मी कागदावर काढलं होतं. त्या पाट्यांच्या वर, केबिनमध्ये, दिवसाचे बारा तास एक माणूस बसतो, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

बुश बसवले तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला. चाचांनी जुनं रबर जाळून काढलं, त्याच्या धुरानं दिवसभर घसा खवखवत होता. रबराला ग्रीस लावायचं नाही, पीयूला मात्र लावलंच पाहिजे, हे मी तीनदा सांगितल्यावर चाचा म्हणाले, "चौथ्यांदा सांगा म्हणजे पाठ होईल." नट शेवटचे आवळताना त्यांनी जॅक काढून ट्रक आधी स्वतःच्या पायांवर उभा केला. गाडी अधांतरी असताना आवळलं की बुश वाकड्या अवस्थेत जखडतो आणि ओझं आलं की पिळवटून निघतो. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मी तोंडावर दिसू दिलं नाही. जाताना चाचांनी उरलेला एक बुश नखानं दाबून बघितला. तो जराही दबला नाही. "पोरी," ते म्हणाले, "हा रोलरसाठी केलास का माणसासाठी?" मी हसले. मला वाटलं, चाचांना नव्या गोष्टीचा हेवा वाटतोय.

त्यानंतरचे दिवस मला अजून सोन्याचे वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायला जड जातं. अण्णा फेरीवरून आले की मी ताट वाढता वाढता विचारायची, "बुश काय म्हणतात?" अण्णा म्हणायचे, "झ्याक." पहिले काही दिवस तेवढंच. मग हळूहळू त्यात भर पडायला लागली. "आता वढत न्हाय." "टेंभुर्णीच्या फुडं रस्ता उकरलाय, पर गाडी सरळ जाती." दिवाळी झाली आणि अण्णांना जणू कंठ फुटला. "उजव्या बाजूचा मागला बुश जरा किरकिरतोय बघ." मी विचारायची, "वळताना की सरळ जाताना?" अण्णा विचार करायचे, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून. "वळताना. त्यो बी उजवीकडं." मी ग्रीसचा डबा आणून द्यायची. "मी लावते" म्हटलं की ते झटकन उठायचे. "तू कशाला हात घाण करतीस? मी लावतो." मी एक वही केली होती. तारीख, किती किलोमीटर, कुठल्या बुशाची काय तक्रार, ग्रीस कधी लावलं. एकदा तर अण्णांनी आपण होऊन विचारलं, "तुझ्या कारखान्यात लई गरम व्हतं का गं, भट्टीपाशी?" मी वीस मिनिटं भट्टीचं वर्णन करत होते आणि ते ऐकत होते. त्या दिवशी आमटी खारट झाली होती, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. हे बुश आहेत तोवर घरात बोलणं आहे, हे मला स्वच्छ कळत होतं. देवाकडे मागणं मागावं तसं मी मनात म्हणायची, टिकू देत.

आता नवव्या मजल्यावरच्या या घरात बसून, खिडकीतून खराडीच्या काचेच्या इमारती बघताना, मला त्या मुलीची कीव येते आणि रागही येतो. अण्णांच्या अंगाला बामचा वास यायला लागला होता. ते खाटेऐवजी जमिनीवर निजायला लागले होते. ट्रकमध्ये त्यांच्या सीटच्या पाठीला गोधडीची वळकटी बांधलेली मी स्वतः बघितली होती. मी विचारलं का? नाही. मी बुशांना विचारत होते. आज माझ्याही कमरेला पट्टा आहे, आणि ओणवं होताना कळ आली की मला पहिली आठवण त्या वळकटीची येते.

उन्हाळा सरत आला होता. एका मोठ्या वाहतूकवाल्यानं आमच्या साहेबांकडे बारा ट्रकांच्या बुशांची विचारणा केली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी वही त्यांनी पानापानानं वाचली होती. "वही उत्तम आहे," ते म्हणाले. "आता एकदा प्रत्यक्ष झीज मोजून आणा. वाहतूकवाल्याला मी कादंबरी दाखवू शकत नाही." काम मिळालं तर ते सगळं माझ्या हाताखाली होणार होतं. मी तरंगतच घरी आले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ट्रक दारात उभा होता आणि अण्णा दाढी करायला गेले होते. त्यांना आल्या आल्या आकडे सांगावेत म्हणून मी साडीचा पदर खोचला, गोणपाट अंथरलं, टॉर्च आणि जाडी मोजायचं व्हर्नियर घेतलं आणि पाठीवर सरकत ट्रकखाली गेले.

मागच्या उजव्या पाट्याशी टॉर्च धरला. वळीत काळं दिसलं. मला वाटलं, चिखल आहे. बोटानं पुसलं. काळंच. नखानं दाबलं तर दबलं. मग मी सरकत सरकत प्रत्येक टोकाशी गेले, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. सगळीकडे रबर होतं, काळं, बऱ्यापैकी नवं, ग्रीसचा थेंबही न लागलेलं. माझा मधाच्या रंगाचा एकही बुश त्या ट्रकला नव्हता. मी तिथंच पडून राहिले. वहीतली पानं एकामागून एक आठवायला लागली. वळताना किरकिरतो. उजवीकडं. परवा ग्रीस लावलं, आता शांत आहे. अंगाची लाही लाही होत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. माझा बाप मला महिनोन् महिने फसवत होता, तेही चटणी-भाकर खाता खाता, माझ्या डोळ्यांत बघून.

अण्णांच्या वहाणा दिसल्या. फाटकातून आल्या, माझ्या पायांपाशी थांबल्या. माझे पाय ट्रकखालून बाहेर आलेले होते. मी खालूनच विचारलं, "कधी बदललेत?"

वहाणा जागच्या हलल्या नाहीत. "दिवाळी झाल्यावर."

"कुणी?"

"मुनीरनं. त्याच्यावर तापू नगंस. मीच त्याला आण घातली व्हती."

म्हणजे चाचांना माहीत होतं. मधे एकदा त्यांच्यासमोर मी माझ्या बुशांच्या बढाया मारल्या होत्या तेव्हा ते म्हणाले होते, "हो, आम्हीही ऐकून आहोत." त्याचा अर्थ आता लागला. "आणि ते किरकिरणं?" मी ओरडले. "टेंभुर्णीचा रस्ता? ग्रीस? ग्रीसचे दोन डबे कुठं गेले अण्णा?"

"फाटकाला लावलं," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "शेजारच्यांच्या बी फाटकाला लावलं. पार कोपऱ्यापतूर."

दुसरा कुणी असता तर मला हसू आलं असतं. मी म्हणाले, "मी साहेबांना वही दाखवली. माझ्या शब्दावर ते बारा गाड्यांना हे बुश बसवणार होते. मला तोंडघशी पाडलंत तुम्ही. नुसतं म्हणायचं होतं की हे चालत नाहीत. एक शब्द! तेवढाही जमला नाही?"

अण्णा खाली बसले. त्यांना बसायला वेळ लागला. आधी एक हात चाकावर टेकला, मग गुडघा, मग दुसरा. तेवढ्यानं त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वीही कितीतरी वेळा ऐकला असणार. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त गुडघे आणि लोंबते हात दिसत होते. "मंदे," ते म्हणाले, "तुझ्या बुशांनी कंबर गेली माझी. एकेक खड्डा मणक्यात शिरायचा. इंदापूरच्या अलीकडं गाडी बाजूला घिऊन दोन-दोन तास झाडाखाली आडवा पडायचो. मग रबर घातलं." त्यांनी श्वास घेतला. "तुला सांगितलं असतं. पर सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू काय इचारलं असतंस मला? तू दुसरं काय इचारतच न्हवतीस. मला बी दुसरं काय बोलाया येत न्हवतं. म्हणून म्हटलं, चालू दे."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं, ते बोलणं मी टिकवून धरलंय. खरं तर एक मितभाषी माणूस रोज ट्रक हाकता हाकता माझ्यासाठी एकेका बुशाचं दुखणं रचत होता, घरी येऊन सांगायला काहीतरी असावं म्हणून, आणि स्वतःचं दुखणं गिळत होता. त्यालाही माझ्याइतकंच एकटं वाटत होतं. हे मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं.

मी ट्रकखालून बाहेर आले. केसात माती, हाताला वंगण. अण्णा नजर चुकवून फाटकाकडे बघत होते. दाढी नुकतीच केलेली होती, कानापाशी साबणाचा पांढरा डाग राहिला होता. एक प्रश्न तरी मला यायला हवा होता. मी विचारलं, "कुठं दुखतं?"

"आता न्हाय येवढं."

"तेव्हा कुठं दुखायचं?"

त्यांनी पाठ माझ्याकडे केली आणि बनियन वर धरला. अण्णांची पाठ मी इतक्या जवळून कधी बघितलीच नव्हती. मी हात ठेवला. "इथं?"

"जरा खाली."

मी हात सरकवला. "हां, हितं," ते म्हणाले, आणि मग सांगायलाच लागले. पहिली कळ कुठल्या वळणावर आली, पायाला मुंग्या कशा यायच्या, रात्री कूस बदलताना दात कसे आवळून धरायचे, मला जाग येऊ नये म्हणून. मी मधे मधे विचारत होते आणि ते उत्तर देत होते. माझ्या हाताचं काळं वंगण त्यांच्या पाठीला लागलं, मी पदरानं पुसायला गेले तर आणखीच पसरलं. सोमवारी साहेबांना सगळं खरं सांगावं लागणार, वाहतूकवाल्याचं काम हातचं जाणार, हे डोक्यात होतं. पण ते तेव्हा लांबचं वाटत होतं. बोलून झाल्यावर तोंड तसंच फाटकाकडे ठेवून त्यांनी विचारलं, "आन् तुझं?"

"माझं काय?"

"तुझं कसं चाललंय? आई गेल्यापासनं."

मला उत्तर द्यायचं होतं. "बरं चाललंय" म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. त्यांच्या पाठीवर हात तसाच ठेवून मी लहान मुलीसारखी रडले. अण्णा वळले नाहीत, की मला गप्प बस म्हणाले नाहीत. मला हुंदक्यांमधून श्वास घेता यायला लागला तेव्हा त्यांनी एक पाय लांब केला, चाकाला टेकून नीट बसले आणि म्हणाले, "सांग. मी कुठं चाललोय? उद्या काय गाडी भरत न्हाय मी."